लेण्यांतला धम्म

पुण्याहून मुंबईकडे जाताना कामशेत सोडले की मळवली हे छोटे स्टेशन लागते. इथे उतरले की उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी, दक्षिणेच्या डोंगरात भाज्याची. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असतील. कुणी शाळेच्या सहलीबरोबर, कुणी एकवीरेच्या यात्रेला गेले असताना. पाहिली, पायऱ्या मोजल्या, भाकरी खाल्ली आणि खाली उतरले! आणि ही कोणी कोरली असे वाटेत कुणाला विचारले, तर उत्तर ठरलेले असते : पांडवांनी, एका रात्रीत. नाशिकच्या लेण्यांचे तर नावच पांडवलेणी पडून गेले आहे.

या उत्तराला हसू नये. जे आपल्याने झाले नसते असे वाटते, ते पांडवांच्या नावावर घालायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शिवाय लोकांनी दुसरे करायचे तरी काय? भिंतीवर अक्षरे होती, पण ती वाचणारा एकही माणूस उरला नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या अधिकाऱ्याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, आणि मग पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या माणसांनी शिड्या लावून, दिवे धरून, आपल्या लेण्यांतले लेख एकेक करून वाचले. त्यातून जे निघाले ते पांडवांच्या गोष्टीपेक्षा कमी नवलाचे नाही. या लेखांतली भाषा प्राकृत आहे, म्हणजे नात्याने आपल्या मराठीच्या पणजीच्या घरातली. आणि त्यांत कोरलेल्या गुहेला शब्द कोणता आहे म्हणाल, तर ‘लेण’! दोन हजार वर्षे झाली, शब्द तोच राहिला; तो कशासाठी होता एवढेच आपण विसरलो.

तेव्हा आज लेणी कशी पाहावी हे सांगतो, म्हणजे बौद्ध धर्माची ओळख त्या ओघात आपोआप होईल. ग्रंथ हाती घेऊन ती करून घेता येतेच. पण आपल्या दाराशी दगडात लिहिलेले पुस्तक असताना तिथूनच का सुरुवात करू नये?

कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात शिरा. १२४ फूट लांब, सुमारे ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तेवढेच उंच असे हे दालन. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, आणि पार टोकाला, अर्धगोल भिंतीच्या कुशीत, एक दगडी घुमट. मूर्ती नाही. नवखा माणूस इथे जरा गोंधळतो. एवढे मोठे देऊळ, आणि देव कुठे आहे?

तो घुमट म्हणजे स्तूप. कुशीनगरला बुद्धाचे परिनिर्वाण झाले, त्यांच्या देहाला अग्नी दिला, आणि अस्थींवरून भांडण होता होता त्यांचे आठ वाटे झाले अशी परंपरा आहे. त्या अस्थींवर मातीचे ढीग रचले, ते पहिले स्तूप. पुढे विटांचे झाले, मग दगडाचे. म्हणजे स्तूप मुळात समाधी आहे. खालचा गोल चौथरा ती मेधी. वरचा घुमट ते अंड. शब्दाचा अर्थ अंडे असाच आहे. त्यावर चौकोनी कठड्यासारखी हर्मिका, आणि तिच्यातून वर आलेल्या काठीवर छत्र. छत्र राजाच्या डोक्यावर धरतात. ज्याने राज्य सोडले त्याच्या अस्थींवर छत्र धरावे, यात त्या काळच्या लोकांनी काय म्हणायचे ते म्हणून ठेवले आहे. कार्ल्याच्या स्तूपावरचे छत्र लाकडाचे आहे आणि ते मूळचेच आहे. छताच्या कमानीही सागवानी. दगडी छताला लाकडी फासळ्यांचा काडीचा उपयोग नाही! पण लाकडात बांधायची सवय हाताला होती. दगड कोरताना ती सुटली नाही.

आता खांबांच्या मागून चाला. स्तूप उजव्या हाताला ठेवून एक फेरी घाला, म्हणजे या इमारतीचे सगळे गणित उलगडते. चैत्यगृह हे प्रदक्षिणेवर घातलेले छप्पर आहे. उपासक इथे देवापुढे मागणे मागायला येत नव्हता. तो फुले वाहायचा, दिवा लावायचा, आणि एका गेलेल्या गुरूची आठवण करत भोवती फिरायचा. बुद्ध वर देऊ शकत नाहीत. ते देव नव्हते, देवाचा अवतार नव्हते, प्रेषितही नव्हते. त्यांनी वाट दाखवली. चालायचे ज्याचे त्याने.

ती वाट कोणती? थोडक्यात सांगायचे तर असे. जगण्यात दुःख आहे. ते उगाच येत नाही, त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे तृष्णा, हवेहवेसेपणाची कधी न भागणारी तहान. कारण काढून टाकले की दुःखही जाते. आणि ते काढून टाकण्याचा मार्ग आहे : नीट पाहणे, नीट ठरवणे, नीट बोलणे, नीट वागणे, नीट कमावणे, नीट झटणे, नीट भान ठेवणे, नीट चित्त एकाग्र करणे. ही चार आर्यसत्ये, आणि हा अष्टांगिक मार्ग. वैद्यासारखा हिशेब आहे पाहा : रोग, रोगाचे निदान, बरे होण्याची खात्री, आणि औषध. एका बाजूला चैन आणि दुसऱ्या बाजूला शरीराला जाळणारी तपश्चर्या, ही दोन्ही टोके बुद्धांनी आधी स्वतः करून पाहिली आणि दोन्ही टाकली. म्हणून याला मध्यम मार्ग म्हणतात.

यात एक गोष्ट मात्र आपल्या अंगवळणी पडलेल्या समजुतींना धक्का देणारी आहे. सारे काही बदलते, असे बुद्ध म्हणतात. आणि त्या साऱ्यात ‘मी’सुद्धा आला. शरीरात बसलेला, न बदलणारा, अमर असा आत्मा त्यांनी मानला नाही. मग पुनर्जन्म कुणाचा? एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्याची ज्योत उचलून दुसऱ्यात ठेवली जात नाही, तरी दुसरा पेटतो. अशा तऱ्हेचे उत्तर बौद्ध पंडितांनी दिले. त्याने सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. पुढची हजार वर्षे या देशातल्या तत्त्वज्ञांचे निम्मे वाद याच एका प्रश्नावर झाले, असे म्हटले तरी चालेल.

निर्वाण म्हणजे विझणे. जी ज्योत विझली तिचे चित्र कसे काढणार? जुन्या बौद्ध शिल्पांत बुद्धांची आकृती सापडत नाही, त्यामागे हा विचार असावा असे बहुतेक अभ्यासक मानत आले. काहींचे मत वेगळेही आहे. पण आकृती नाही ही गोष्ट मात्र डोळ्यांना दिसते. सांची-भारहूतच्या शिल्पांत सगळी माणसे आहेत, राजे आहेत, हत्ती-घोडे आहेत. ज्यांच्याभोवती ती जमली आहेत ते बुद्ध तेवढे नाहीत. त्यांच्या जागी खुणा आहेत. पिंपळाचे झाड आणि त्याखाली रिकामे आसन, म्हणजे गयेला झालेली ज्ञानप्राप्ती. पाठीवर स्वार नसलेला घोडा आणि त्यावर धरलेले छत्र, म्हणजे राजपुत्राचे घर सोडून जाणे. चाक म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन. स्तूप म्हणजे परिनिर्वाण. कुठे नुसती पावलेच. निरक्षर माणसालासुद्धा या खुणांवरून सारे चरित्र वाचता येई.

त्यातले चाक तर आज आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. सारनाथच्या प्रवचनाला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात. चाकाला गती दिली, असा अर्थ. अशोकाने सारनाथला उभारलेल्या स्तंभाच्या सिंहशीर्षावर हे चाक होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने ते चोवीस आऱ्यांसह राष्ट्रध्वजावर घेतले, आणि २६ जानेवारी १९५० पासून ते सिंहशीर्ष आपली राजमुद्रा झाले. खिशातल्या नाण्यावर पाहा, दिसेल.

चैत्यगृहातून बाहेर या आणि शेजारच्या विहारांकडे वळा. मधे चौकोनी दालन, तीन बाजूंना लहान लहान खोल्या, पुष्कळ खोल्यांत दगडाचाच ओटा. तो बिछाना. भिक्षूची मालमत्ता मोजायला वेळ लागत नसे : तीन वस्त्रे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचे फडके. जेवण दिवसातून एकदा, मध्यान्हीच्या आत, तेही मागून आणलेले. दर पंधरवड्याला, अमावास्या-पौर्णिमेला, उपोसथासाठी सगळ्यांनी एकत्र जमायचे आणि नियमांचा पाठ म्हणायचा. पाली परंपरेत हे नियम २२७ आहेत. ज्याच्याकडून चूक झाली असेल त्याने ती सगळ्यांसमोर सांगायची.

पण फिरत राहणे हे ज्यांचे व्रत, त्यांना डोंगरात एवढी घरे कशाला लागली? याचे उत्तर पावसात आहे. विनयग्रंथात गोष्ट येते की, भिक्षू ऐन पावसाळ्यातही हिंडतात, कोवळे गवत आणि लहानसहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचा नियम घातला. हा वर्षावास. आता सह्याद्रीचा पाऊस डोळ्यांसमोर आणा! गंगेकाठी झोपडी चालली असती. इथे झोपडी आषाढात वाहून जाईल. काळा कातळ मात्र पक्का. शिवाय घाटवाटा जवळ. सोपारा, कल्याण ही बंदरे खाली, जुन्नर, पैठण वर, आणि मधे बोरघाट, नाणेघाट. बैलांचे तांडे याच वाटांनी चढत. भिक्षेसाठी वस्ती हाकेच्या अंतरावर, ध्यानासाठी एकांत डोंगरात, आणि दान देणारा व्यापारी वाटेवर. जागा निवडणाऱ्यांना व्यवहार कळत होता.

पाण्याचा विचार तर पाहण्यासारखाच. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीला पाण्याचे टाके. छतावरचे, पायऱ्यांवरचे पाणी पन्हळीने आत आणलेले. लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, आणि पोढी खोदून देणे हे लेणे खोदून देण्याइतकेच पुण्याचे मानत. मुंबईत राहणाऱ्या माणसाने एकदा भर उन्हाळ्यात जाऊन ती टाकी पाहावीत.

या सगळ्याला पैसा लागे. तो कसा उभा राहिला याचा एक हिशेब नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवला आहे, आणि मला तो कुठल्याही उपदेशापेक्षा अधिक बोलका वाटतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीत, दरमहा पाऊण टक्क्याने. अट अशी की मुद्दल द्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांवर वर्षाला व्याज झाले दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू वीस. प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस! हजारांवरचे व्याज किरकोळ खर्चाला. ज्याने सारे सोडले त्याच्या चिवराची सोय विणकरांच्या मागावर चालली होती, आणि राजाच्या जावयाचाही विश्वास त्या विणकरांवर होता. याच उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षूंना, म्हणजे तेव्हाच्या वलूरकच्या भिक्षूंना, एक गाव दिले. दान मात्र कोणा एका महंताला नसे. ते ‘चातुर्दिश संघा’ला, चारी दिशांच्या संघाला. उद्या कुठूनही भिक्षू येवो, खोलीवर त्याचा हक्क.

परंतु लेणी राजांनीच कोरवली असे समजू नका. कार्ल्याचे लेख वाचत गेले की बाजार भरल्यासारखा वाटतो. वैजयंतीचा भूतपाल शेठ सांगतो की हे शैलगृह आपण पुरे केले आणि साऱ्या जंबुद्वीपात असे दुसरे नाही. शेठजींनी हात आखडता घेतला नाही आणि बोलतानाही घेतला नाही! बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक या महारठीचा. पण खांब न् खांब वेगळ्या माणसांचे. धेनुकाकट नावाच्या गावचे कितीतरी दाते आहेत. त्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे आहेत. त्याच गावचा सिंहदत्त हा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. दाराच्या कामाचे दान त्याचे. आणि ते दार घडवणारा सामी नावाचा सुतार. त्याचेही नाव कोरले आहे. एका भिक्षुणीने वेदिकेचे काम करवले, तिचेही. नावापुढे शब्द एकच : दान. शेठला तोच, सुतारालाही तोच. आपल्या इतिहासात कारागिराचे नाव क्वचितच टिकते. इथे ते टिकले, याचे मोल मला त्या खांबांच्या नक्षीपेक्षा जास्त वाटते.

दान कशासाठी? आईवडिलांच्या पुण्यासाठी, आणि पुष्कळ ठिकाणी ‘सर्व प्राण्यांच्या हितसुखासाठी’. आत्मा नाही म्हणणाऱ्या धर्मात पुण्य साठते कुठे, असा प्रश्न पंडिताने विचारावा. अत्तरवाल्याला तो पडला नसावा.

कार्ल्याच्याच दर्शनी भिंतीवर मात्र तुम्हाला बुद्धमूर्ती दिसतील, आणि तुम्ही म्हणाल, आत्ताच तर मूर्ती नाही म्हणालात! त्या मागाहून, चारपाच शतकांनी, जुने कोरीव काम छिलून बसवलेल्या आहेत. तोवर विचार पालटला होता. महायान पंथाला नुसता गेलेला गुरू पुरेना. हाकेला धावून येणारा कोणी हवा होता. मग बोधिसत्त्व आले : जो स्वतः निर्वाणाच्या उंबरठ्यावर आहे, पण बाकीचे दुःखात असताना पलीकडे जात नाही. कान्हेरीला आणि अजिंठ्याला अवलोकितेश्वराचे शिल्प पाहा. भोवती संकटात सापडलेली माणसे आहेत, कुणावर हत्ती धावून येतो आहे, कुणाचे गलबत बुडते आहे, आणि ती सगळी त्याचा धावा करत आहेत. घाटातून आणि समुद्रातून माल नेणाऱ्या माणसाची भीती त्या दगडात जशी उतरली आहे तशी दुसरीकडे क्वचितच. कडव्या मताचे लोक याला ऱ्हास म्हणतात. मला तसे म्हणवत नाही.

मूर्ती आल्या तशा हाताच्या खुणा आल्या. उजवा तळहात समोर धरलेला, ती अभयमुद्रा. दोन्ही हात मांडीवर, ती ध्यानमुद्रा. दोन्ही हात छातीशी, बोटे चाक फिरवल्यासारखी, ती धम्मचक्रमुद्रा, हे प्रवचन. उजवा हात खाली जमिनीला टेकलेला, ती भूमिस्पर्शमुद्रा : ज्ञान झाले त्या रात्री माराने साक्षीदार मागितला, तेव्हा बुद्धांनी धरणीला साक्ष ठेवले. आणि उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती झोपलेल्या माणसाची नव्हे, ते परिनिर्वाण. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात ती तेवीसएक फूट लांब आहे. खाली शोक करणारे शिष्य आहेत, आणि बुद्धांच्या चेहऱ्यावर शोकाची रेघही नाही.

मग हे सारे ओस का पडले? राजाश्रय सरला, व्यापाराच्या वाटा बदलल्या, महायानातले देव आणि शेजारच्या देवळातले देव एकमेकांजवळ येत गेले. एकच कारण सांगता येणार नाही. कान्हेरीला नवव्या शतकापर्यंत दाने मिळत होती. पुढे इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी तिथे येऊन पहलवी लिपीत आपली नावे कोरून गेली. लेण्याद्रीच्या विहारात गणपती आहे, कार्ल्याच्या चैत्यापुढे एकवीरा. लोकांनी जागा सोडली नाही, अर्थ तेवढा बदलला. सोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, ते १८८२ साली भगवानलालांनी खणले, तर आत स्तूप निघाला. मधल्या खणात दगडी पेटी, पेटीत तांब्याची डबी, तिच्यात एकात एक आणखी डब्या, सगळ्यांत आत सोन्याची. आणि त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. बुद्धांच्या भिक्षापात्राच्या म्हणून त्या जपल्या होत्या.

महाराष्ट्रात बुद्धांची आठवण परत आली ती आधी पुस्तकांतून. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली बुद्धांचे मराठी चरित्र लिहिले. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून पालीच्या शोधात सिलोनपर्यंत गेले, भिक्षू झाले, आणि ते ज्ञान त्यांनी सोप्या मराठीत आणून ठेवले. केळुसकरांनी आपल्या पुस्तकाची एक प्रत १९०७ साली मॅट्रिक झालेल्या एका मुलाला भेट दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपूरला बाबासाहेबांनी कुशीनगरचे भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली. दीक्षेचा विधी अगदी साधा. तीन शरणे : बुद्ध, धम्म, संघ. पाच शीले : जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे आणि मद्य यांपासून दूर राहणे. त्यांच्या जोडीला बाबासाहेबांनी स्वतःच्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. चार आर्यसत्यांचे नेहमीचे विवरण त्यांना पटले नव्हते. जगणे म्हणजेच दुःख असे म्हटले की माणसाला आशा उरत नाही, ही सत्ये मूळच्या उपदेशातली आहेत का, असा प्रश्नच त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उभा केला. माणसाने माणसाला दिलेले दुःख हा त्यांच्या धम्माचा गाभा झाला. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावू दिला नव्हता, त्यांना या विवरणाची फोड करून सांगावी लागली नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. तरी १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार लोकांनी आपला धर्म बौद्ध लिहिला. २०११ मध्ये हा आकडा ६५ लाखांच्या वर गेला.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर मोठा स्तूप आहे. २००१ साली त्याचे उद्घाटन झाले. बाहेरून आकार सांचीच्या घराण्यातला. पण सांचीचा स्तूप भरीव, कार्ल्याचा भरीव. त्यांच्याभोवती फिरायचे, आत जायला वाट नाही. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ बांधला आहे. त्याला चारी दिशांना दारे आहेत आणि माणसे आत जातात.